जुना ट्रान्समीटर चेल्याच्या हातात देण्याआधी

पाऊस ओसरायला लागला की माझ्याकडे कोणीतरी मॉडेल विमान उडवायचा जुना रेडिओ, म्हणजे हातातला ट्रान्समीटर, घेऊन येतोच. कुणाच्या काकाने दुबईहून आणलेला असतो, कुणी सेकंडहँड घेतलेला, कुणाचा बारा वर्षं माळ्यावर पडलेला. प्रश्न एकच: "ह्याच्यावर पोराला विमान शिकवता येईल काय?" येईल. त्यासाठी रेडिओ चांगला असणं पुरत नाही, जोडणीचा क्रमही सांभाळावा लागतो. ट्रेनर कॉर्ड (शिकवणाऱ्याचा आणि शिकणाऱ्याचा रेडिओ जोडणारी तार) खोचली, दिवा लागला, की झालं असं समजून लोक विमान वर नेतात. मग ताबा शिकणाऱ्याला देणारं स्विच दाबल्याबरोबर विमान एका बाजूला कोलमडतं आणि दोष मात्र "जुन्या सेटाला" लागतो.

आधी माझं मत सांगून टाकतो. जुन्या रेडिओवर थेट विमान उडवू नका. लांब अँटेनाचा, क्रिस्टलवाला ७२ मेगाहर्ट्झचा सेट असेल तर मुळीच नको. त्याचा रिसीव्हर, क्रिस्टल, अँटेनाचा सांधा, सगळंच म्हातारं झालेलं असतं. पण त्याच्या दोन स्टिक अजून उत्तम असतात, आणि आपल्याला तेवढ्याच हव्या आहेत. एक, सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या सरावासाठी. दोन, आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओला कॉर्डने जोडून शिकणाऱ्याच्या हातात द्यायला. विमानाशी बोलतो तो नवा रेडिओ. जुना फक्त स्टिकच्या हालचाली त्याच्यापर्यंत पोचवतो. पुस्तिकांमध्ये ह्यांना मास्टर आणि स्लेव्ह म्हणतात. आम्ही मैदानावर मास्तर आणि चेला म्हणतो, इथेही तेच शब्द ठेवतो.

१. हातातला सेट कामाचा आहे का?

पैसे आणि वेळ घालवण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, मागच्या बाजूला ट्रेनर सॉकेट आहे का. जुन्या फुटाबा आणि हायटेकच्या सेटांना सहा पिनांचं गोल डिन सॉकेट असतं, नंतरच्या फुटाबाला छोटं चौकोनी. जेआर आणि स्पेक्ट्रमला हेडफोनसारखं ३.५ मिलिमीटरचं भोक. टर्निजी ९एक्स आणि फ्लायस्कायच्या बऱ्याच सेटांना चार पिनांचं, जुन्या टीव्हीच्या एस-व्हिडिओसारखं. सॉकेट नसलं, किंवा सेट खेळण्यातल्या गाडीचा असला, तर पुढचं वाचायची गरज नाही.

दुसरी, सेट पीपीएम देतो का. पीपीएम म्हणजे सगळ्या चॅनलांच्या (एकेका हालचालीचा एकेक चॅनल) स्पंदांची एक माळ. साधारण २० ते २२ मिलिसेकंदांनी ती पुन्हा पुन्हा येते, आणि प्रत्येक चॅनलचा स्पंद सुमारे १ ते २ मिलिसेकंदांचा असतो. स्टिक मध्यावर म्हणजे साधारण १.५. ट्रेनर कॉर्डमधून हीच माळ जाते. महागड्या जुन्या सेटांत पीसीएम नावाची दुसरी पद्धतही असते. मेनूत मॉड्युलेशन पीसीएमवर राहिलं असेल तर मास्तरला काहीच कळत नाही. "कॉर्ड खराब आहे" म्हणून माझ्याकडे आलेल्या सेटांतले निम्मे ह्याच एका ओळीने सुटले.

तिसरी, मोड. थ्रॉटलची, म्हणजे मोटारीच्या वेगाची, स्टिक डावीकडे असेल तर मोड २, उजवीकडे असेल तर मोड १. गंमत म्हणजे मास्तर मोड १ चा आणि चेला मोड २ चा असला तरी चालतं, कारण कॉर्डमधून चॅनल जातात, स्टिकची जागा जात नाही. पण पोरगा पुढे ज्या मोडवर उडवणार, सुरुवात त्याच मोडवर करा. बोटांना लागलेली सवय मोडायला नवी लावण्यापेक्षा जास्त दिवस जातात.

२. सेल: सगळ्यात आधी, सगळ्यात सावकाश

सेलचं झाकण उघडण्यापूर्वी स्विच चालू करून बघायचा मोह होतो. करू नका. आधी झाकण काढा आणि वास घ्या. आंबूस वास, पांढरी-हिरवी पूड, काळी पडलेली तार: ह्यातलं काहीही दिसलं तर सेल बाहेर आणि सेट बाजूला.

साध्या अल्कलाइन सेलांची गळती कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा पुसा आणि एक दिवस पंख्याखाली वाळू द्या. व्हिनेगर बाजारातलं पांढरं, पारदर्शक घ्या. घरात माडाचं असतंच, पण त्यातला गाळ संपर्कांवर बसतो. ते विंदालूसाठी राहू दे. जुन्या निकॅड (निकेल-कॅडमियमच्या, भरता येणाऱ्या) पॅकची तार आतून काळी पडलेली असेल तर नुसती पुसून उपयोग नाही. काळेपणा तारेतून सर्किटपर्यंत सरकत जातो, म्हणून पॅक आणि तार दोन्ही बदला. निकॅडमध्ये कॅडमियम असतं. तो पॅक घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

नवीन काय घालायचं? बहुतेक जुने सेट आठ सेलांचे, म्हणजे ९.६ व्होल्टचे. आठ चांगले, पडून राहिल्यावरही चार्ज टिकवणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घाला, विषय संपला. हल्ली लोक विमानाचाच तीन सेलांचा लायपो (लिथियम-पॉलिमर पॅक) कोंबतात. त्यात दोन घोटाळे आहेत. भरलेला लायपो १२.६ व्होल्ट देतो, आणि ९.६ व्होल्टच्या निकॅडसाठी बनवलेल्या सेटाचा रेग्युलेटर उगाच तापतो. दुसरा घोटाळा जास्त वाईट. सेटाचा 'बॅटरी संपली' हा गजर निकॅडच्या हिशेबाने साधारण नऊ व्होल्टच्या आसपास वाजतो. तोवर लायपोचा एकेक सेल तीन व्होल्टवर आलेला असतो, म्हणजे गजर वाजेपर्यंत पॅक मेलेला.

सावधान: सेटात साधे न भरता येणारे सेल असताना चार्जिंगच्या भोकात चार्जर कधीही लावू नका. आणि त्या भोकाची मधली पिन धन की ऋण हे कंपनीगणिक बदलतं. हातात आलेला कुठलातरी चार्जर खुपसण्याआधी दोन्ही बाजू मल्टिमीटरने मोजा.

३. स्टिक: थरथर कुठून येते

गोव्यात माळ्यावर चार पावसाळे काढलेल्या सेटाची खरी दुखणी दोनच असतात, पॉटवरची बुरशी आणि स्विचवरचा गंज. स्टिकच्या मुळाशी जो फिरणारा रोध असतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा, त्याला पॉट म्हणतात. त्यावर मळ बसला की स्टिक स्थिर असूनही आकडा नाचतो.

तपासायची सोपी रीत: सेट संगणकाला किंवा मास्तरला जोडून चॅनलचे पट्टे पडद्यावर आणा आणि एकेक स्टिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू, दहा सेकंद घेऊन न्या. पट्टा मधेच उडी मारत असेल तर तिथे मळ आहे. सेट उघडून पॉटच्या फटीत इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर एक थेंब सोडा आणि स्टिक पन्नास-साठ वेळा फिरवा. बिजागरीवर मारायचा तेलकट स्प्रे नको. आज बरं वाटतं, पण त्या तेलात धूळ चिकटते आणि महिन्याभरात दुखणं परत येतं. सफाईनंतरही उडी राहिली तर पॉट बदलावा लागेल. एलेरॉन (विमान डावं-उजवं झुकवणारा) किंवा एलिव्हेटरचा (नाक वर-खाली करणारा) पॉट उडी मारणारा असेल तर तो सेट हवेत वापरू नका, सिम्युलेटरलाही देऊ नका. शिकणाऱ्याला वाटतं चूक आपलीच आहे, आणि तो हात आखडता घ्यायला लागतो.

४. चेला कोरा करा

सेकंडहँड सेटात आधीच्या मालकाचं अख्खं आयुष्य साठवलेलं असतं. हेलिकॉप्टरचं मिक्सिंग (एका स्टिकने अनेक चॅनल हलवणं), उलटे केलेले चॅनल, निम्म्यावर आणलेला प्रवास (चॅनल टोकापर्यंत किती हलतो ते). आधीचं मॉडेल दुरुस्त करत बसू नका, नवीन कोरं मॉडेल उघडा. प्रकार साधं विमान. मिक्सिंग बंद, एक्स्पो (मध्याजवळ स्टिक मवाळ करणं) शून्य, ड्युअल रेट (स्विचने हालचाल कमीजास्त करणं) शंभर, प्रवास दोन्हीकडे शंभर, सब-ट्रिम शून्य, रिव्हर्स सगळे नॉर्मल, मॉड्युलेशन पीपीएम. फ्लायस्कायच्या सीटी६बीसारख्या स्क्रीन नसलेल्या सेटात हेच सगळं संगणकाला जोडून करावं लागतं. चार चॅनलच्या अगदी साध्या सेटात मेनू नसतो, पुढच्या बाजूला किंवा झाकणाखाली रिव्हर्सची चार बारीक स्विचं असतात, ती बघा.

मग चारही ट्रिम, म्हणजे स्टिकचा मध्य किंचित सरकवायच्या शेजारच्या कळा, मध्यावर. प्लास्टिकच्या सरकत्या ट्रिम असतील तर खूण डोळ्यांनी बघून, बोटाच्या अंदाजाने नाही.

इथे एक मेख आहे, आणि ती कुणी सांगत नाही. मास्तर-रेडिओ दोन जातीचे असतात. एका जातीत स्विच दाबलं की चेल्याची माळ जशीच्या तशी विमानाकडे जाते, मास्तरच्या सेटिंगला कोणी विचारत नाही. दुसऱ्या जातीत चेल्याच्या फक्त स्टिक घेतल्या जातात आणि पुढचं मिक्सिंग, रेट, ट्रिम सगळं मास्तरचं लागू होतं. दुसऱ्या जातीला कोरा चेलाच हवा. पहिल्या जातीला मात्र कोरा चेला चालत नाही, त्याचे रिव्हर्स, प्रवास आणि ट्रिम मास्तरशी तंतोतंत जुळवावे लागतात.

आपला मास्तर कुठल्या जातीचा? जमिनीवर, प्रॉप (मोटारीवरचा पंखा) काढून, चेल्याच्या हातात ताबा द्या आणि त्याला एलेरॉन पूर्ण डावीकडे धरायला सांगा. आता मास्तरवरचं ड्युअल रेटचं स्विच खालीवर करा. पंखाच्या कडेची हालचाल कमीजास्त झाली तर दुसरी जात. काहीच फरक पडला नाही तर पहिली.

५. कॉर्ड

दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या असतील तर त्यांचीच कॉर्ड घ्या, उगाच कारागिरी नको. वेगवेगळ्या असतील तर आपणच करावी लागते. लागतात फक्त दोन तारा, सिग्नल आणि ग्राउंड. बऱ्याच जुन्या डिन सॉकेटांत एका पिनेवर बॅटरीचा व्होल्टेजही येतो. ती पिन मोकळी ठेवा. कोणती पिन कशाची हे आपापल्या सेटाच्या पुस्तिकेत बघा आणि मग मल्टिमीटरने खात्री करा. ३.५ मिलिमीटरचा प्लग मोनो घ्या, तीन पट्ट्यांचा हेडफोनवाला नको. सोल्डर केल्यावर प्रत्येक सांधा वेगळा झाका आणि दोन्ही टोकांना तारेची एक गाठ प्लगच्या आवरणात अडकवा. मैदानावर कोणीतरी कॉर्डवर पाय देणार हे ठरलेलं.

लांबी दोन ते तीन मीटर. ह्यापेक्षा आखूड असली की दोघं एकमेकांच्या कोपरांत शिरतात.

चेला चालू ठेवायचा की बंद? ह्यावरून भांडणं होतात आणि दोघंही बरोबर असतात. जेआर आणि स्पेक्ट्रमच्या बऱ्याच सेटांत स्विच बंद ठेवायचं असतं; प्लग घातला की सेट आपोआप जागा होतो आणि हवेत काही सोडत नाही. काही सेटांत चेला चालू करून मेनूत 'स्टुडंट' निवडावं लागतं. पुस्तिका वाचा. ती मिळत नसेल तर चेल्याला बाइंड झालेला (त्याच्याशी जोडी जमवलेला) एक सुटा रिसीव्हर आणि सर्वो (विमानाच्या कडा हलवणारी छोटी मोटार) टेबलावर ठेवा. कॉर्ड लावलेली असताना चेल्याच्या स्टिकने तो सर्वो हलला, तर चेला अजून हवेत बोलतोय. तसा वापरायचा नाही. जुन्या सेटात मागचं आरएफ मॉड्युल (हवेत सिग्नल सोडणारा भाग) किंवा क्रिस्टल काढता येतं, ते काढून टाका.

६. पावसाळा सिम्युलेटरचा

जून ते सप्टेंबर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, जाण्यात अर्थ नसतो. हेच चार महिने जुन्या सेटाचे. पीपीएमची यूएसबी कॉर्ड बाजारात मिळते. संगणकाला ती साधी जॉयस्टिक वाटते. हात चालत असेल तर अर्डुइनो प्रो मायक्रोवर तसंच यंत्र घरी बनवता येतं. सिम्युलेटर म्हणाल तर पिकासिम फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही धावतो.

आधी विंडोजच्या गेम कंट्रोलरमध्ये कॅलिब्रेशन करा, नंतर सिम्युलेटरमध्ये. उलट केलंत तर दोनदा करावं लागेल. सिम्युलेटरचा सराव संपेपर्यंत चेल्याच्या ट्रिमला ह्यानंतर हात लावायचा नाही.

सराव कसला? लूप आणि उलटं उडणं नको. विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं, तिथेच नवा माणूस पडतो. माझ्या भाच्याला मी एकच खेळ दिला होता: विमान तोंडासमोर येईल असं आठचा आकडा काढायचा, आणि पंख ज्या बाजूला खाली झुकलाय त्या बाजूला स्टिक न्यायची, जणू झुकलेल्या पंखाला खालून टेकू द्यायचा. पहिल्या दिवशी वैतागून तो म्हणाला, "मामा, मी काय केलंच नाही, तो आपोआप वळतोय!" बघतो तर खरंच त्याने काही केलं नव्हतं. एलेरॉनची ट्रिम टी-शर्टात अडकून दोन खाचा सरकली होती. तेव्हापासून चेल्याच्या ट्रिमवर मी कागदी चिकटपट्टी लावतो. रुपयाचा उपाय आहे.

रोज वीस मिनिटं, दोन-तीन आठवडे. एका बैठकीत तीन तास केलेला सराव बोटांत राहत नाही. सलग दहा उतरणी धावपट्टीच्या आत झाल्या की पुढची पायरी.

७. मास्तर तयार करणं

एजटीएक्स ही प्रणाली चालणारा रेडिओ मास्तर असेल तर तीन ठिकाणी काम आहे. मॉडेलच्या पानावर ट्रेनर मोड 'मास्टर, जॅक' असा निवडा. विशेष फंक्शनमध्ये एका स्विचला ट्रेनर जोडा. मग रेडिओच्या ट्रेनर पानावर प्रत्येक स्टिकला चेल्याचा कोणता चॅनल लागू आणि कसा, हे ठरवा. 'कसा' ह्याचे पर्याय तीन: बंद, बेरीज आणि बदली. बदली निवडा. बेरीज ठेवली तर दोघांच्या स्टिक एकमेकांत मिसळतात आणि कोण उडवतंय तेच कळत नाही.

चॅनलचा क्रम इथेच जुळवायचा. फुटाबा, हायटेक आणि फ्लायस्काय एलेरॉन, एलिव्हेटर, थ्रॉटल, रडर (शेपटीचं सुकाणू) ह्या क्रमाने बोलतात. जेआर आणि स्पेक्ट्रम थ्रॉटलपासून सुरू करतात, मग एलेरॉन, एलिव्हेटर, रडर. क्रम न जुळवता फुटाबाचा चेला स्पेक्ट्रमच्या मास्तरला लावला तर चेल्याची एलेरॉन स्टिक मोटार चालवते. आणि एलेरॉन स्टिक स्वभावतःच मध्यावर असते. म्हणजे ताबा देताच मोटार अर्ध्यावर, आणि खाली ओढलेली थ्रॉटल स्टिक एलिव्हेटरला टोकापर्यंत ढकलते.

आता ते 'कॅल' बटण. चेल्याचा मध्य मास्तरला शिकवण्यासाठी ते दाबायचं असतं, आणि दाबताना चारही स्टिक मध्यावर हव्यात, थ्रॉटलसुद्धा. सुरक्षेच्या सवयीने आपण थ्रॉटल खाली ठेवतो आणि तिथेच फसतो. रेडिओ मग 'खाली' हाच मध्य समजतो. मी हे स्वयंपाकघराच्या टेबलावर केलं होतं, आणि वर शहाणपणा म्हणजे प्रॉप लावलेला होता. स्विच दाबलं, मोटार अर्ध्यावर ओरडली, विमानाने चहाचा कप घेऊन थेट पडद्यात उडी मारली. पडद्याच्या तीन चिंध्या झाल्या. माझी बोटं कपाच्या कानात होती, म्हणजे प्रॉपपासून वीतभर.

म्हणून पुढचा नियम मोठ्या अक्षरात समजा: आठवी पायरी पूर्ण होईपर्यंत विमानाला प्रॉप नाही.

ट्रेनरचं स्विच स्प्रिंगचं हवं. बोट सोडलं की ताबा मास्तरकडे, असंच. काही स्वस्त रेडिओंत स्प्रिंगचं स्विच नसतं आणि लोक साध्या स्विचवर भागवतात. घाबरलेला माणूस स्विच शोधत नाही, हातातलं सोडतो. म्हणून सोडणं म्हणजेच ताबा परत घेणं असायला हवं.

८. टेबलावरची तपासणी

क्रम मोडू नका.

आधी मास्तर चालू, मग चेला जोडा, मग विमानाची बॅटरी. प्रॉप काढलेला आहे हे पुन्हा बघा. मास्तरकडून चारही चॅनल हलवा आणि बरोबर दिशेला जातात का ते बघा. विमानाच्या मागे उभे राहा. समोरून बघून दिशा ठरवणारा हमखास चुकतो. मग ताबा चेल्याकडे द्या आणि तेच पुन्हा करा. उजवीकडे एलेरॉन दिलं की उजव्या पंखाची कडा वर. एलिव्हेटर आपल्याकडे ओढलं की शेपटीची कडा वर.

नंतर दोघांच्याही स्टिक मध्यावर, थ्रॉटल खाली, आणि मास्तरने ट्रेनर स्विच भराभर दाब-सोड करायचं. त्या वेळी नजर शेपटीच्या कडेवर. कडा टुकटुक हलली तर ट्रिम जुळलेल्या नाहीत. पहिल्या जातीच्या मास्तरला हे चेल्याच्या ट्रिमने सुधारा, दुसऱ्या जातीच्या मास्तरला पुन्हा कॅल करून. मिलिमीटरभर हलते म्हणून सोडून देऊ नका. हवेत त्याच मिलिमीटरने विमान नाक टाकतं.

शेवटची तपासणी लोक विसरतात. चेल्याकडे ताबा असताना कॉर्ड ओढून काढा. काय होतं? चांगल्या मास्तरकडे ताबा लगेच परत येतो. काही जुन्या मास्तरांत सर्वो वेडेवाकडे नाचतात किंवा आहे तिथे थिजतात. तुमचा तसला असेल तर कॉर्ड दोन्ही रेडिओंच्या हँडलला दोरीने बांधून ताण तोडा. मग चेल्याचा स्विच बंद-चालू करून तीच परीक्षा पुन्हा. मास्तरचं बोट स्विचवरून सुटताच विमान त्याच्या हातात येतंच, हे दहा वेळा बघितल्याशिवाय प्रॉप लावायचा नाही.

९. जागा आणि वेळ

ड्रोन नियम, २०२१ मॉडेल विमानांनाही लागू आहेत. कुठे उडवता येईल हे डिजिटल स्कायच्या नकाशावर आधी बघा. हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत. ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाही. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, आणि दाबोळी नौदलाचा तळ. वास्को-चिखलीचा विचार सोडा. दोना पावलला गाडीने गेलं तर दाबोळी लांब वाटतो; झुआरीच्या मुखावरून सरळ रेषा मारली की तसा लांब नाही. मोपामुळे पेडण्यातले कितीतरी मोकळे सडे आपल्यासाठी संपले. २ किलोपर्यंतच्या विमानाला, धंद्यासाठी नसेल तर, रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण नोंदणी हा वेगळा विषय आहे, त्यात दोन्हींची गल्लत करू नका. किनाऱ्यावर तर नकोच. माणसं, कुत्री, खारी हवा आणि वाळू, चारही आपल्या विरुद्ध.

डिचोली-सत्तरीकडच्या आम्हाला सडे बरे. पण जांभा विमानाचं पोट किसणीसारखं सोलतो. शिकणाऱ्यासाठी भातकापणी झालेलं शेत जास्त चांगलं, मालकाला विचारून. विमान खुंटांवर मऊ बसतं. वायंगणीसाठी, म्हणजे भाताच्या दुसऱ्या पिकासाठी, पाणी सोडायच्या आत काय ते करून घ्या.

वेळ सकाळची, उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत. नंतर सडा तापतो, वर येणाऱ्या हवेवर घारी चढतात, आणि घार विमानाला पाहुणा समजत नाही. दुपारी समुद्राकडचा वारा सुरू होतो, तो नव्या माणसाचा वारा नव्हे.

विमान उंच पंखाचं, फोमचं, सव्वा मीटरच्या आसपासचं. पहिल्या दिवशी देखणं विमान आणू नका.

१०. वर गेल्यावर

उड्डाण मास्तर करतो, तीन माडांच्या उंचीवर जातो, म्हणजे साधारण साठ मीटरच्या आत, आणि विमान हात सोडून सरळ जाईल असं ट्रिम करतो. पहिल्या जातीचा मास्तर असेल तर ही नवी ट्रिम चेल्याला माहीतच नसते. खाली उतरा, चेल्यावर तेवढीच ट्रिम द्या, टेबलावरची टुकटुक परीक्षा पुन्हा करा, मग पुन्हा वर. कंटाळवाणं आहे. पण पंधरा मिनिटं वाचवायला जाऊन विमान घालवलेले मी बघितलेत.

शब्द आधी ठरवा. आमचे तीन: मास्तर म्हणतो "घे", चेला म्हणतो "घेतलं", आणि तेव्हाच स्विच दाबलं जातं. परत घेताना "सोड". बाकी गप्पा बंद. "थांब थांब", "अरे बघ बघ" ह्या शब्दांनी कोणी काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

पहिल्या चार-पाच वेळा फक्त एलेरॉन आणि एलिव्हेटर द्या. दुसऱ्या जातीच्या मास्तरवर थ्रॉटल आणि रडर 'बंद' ठेवता येतात. पहिल्या जातीवर ते जमत नाही, म्हणून ताबा देण्यापूर्वी चेल्याची थ्रॉटल मास्तरइतकीच वर आहे का ते डोळ्यांनी बघा.

ताबा वाऱ्याच्या तोंडाला, पंख सरळ असताना, विमान आपल्यापासून दूर जात असताना द्यायचा. एका वेळी अर्धा ते एक मिनिट. क्रम असा: सरळ जाणं, हलकं डावं वळण, हलकं उजवं, चौकोन, आठचा आकडा, उंचीवरच उतरणीचा सराव, आणि सगळ्यात शेवटी खरी उतरणी. कुठल्याही पायरीवर दोनदा चुकलं की मागच्या पायरीवर.

मास्तरची नेहमीची चूक वेगळीच आहे. चेला उडवत असताना त्याच्या स्वतःच्या स्टिक सैल पडलेल्या असतात, थ्रॉटल खाली. विमान घसरतं, तो बोट सोडतो, ताबा येतो आणि त्याच क्षणी मोटार बंद. म्हणून चेला उडवत असतानाही मास्तरची थ्रॉटल अर्ध्यावर आणि अंगठे स्टिकवर. आणि ताबा लवकर घ्या. विमान पडेल असं वाटल्यावर नाही, चेला गप्प झाल्यावर. बोलता बोलता पोरगा एकदम गप्प झाला की समजायचं, त्याला विमान कुठे तोंड करून आहे ते कळेनासं झालंय.

घड्याळ पाच मिनिटांचं. एका सकाळी चार बॅटऱ्या पुरे. पाचव्या वेळी मास्तरचं बोटही दमलेलं असतं.

११. घरी आल्यावर

सड्याची तांबडी धूळ मऊ ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने नाही. कॉर्ड गुंडाळताना प्लगजवळ मोडू नका, बशीसारखी मोठी वेटोळी घाला. महिनाभर वापर नसेल तर चेल्याचे सेल काढून ठेवा. पावसाळ्यात सेट घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. रंग बदलणाऱ्या पुड्या घेतल्या तर कधी वाळवायच्या ते दिसतं. आणि डब्याच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: मास्तर कोणता, त्याची जात कोणती, चॅनलचा क्रम, चेला चालू की बंद, कॅल कधी केलं. माझ्या चिठ्ठीवर सगळ्यात वर भाच्याच्या अक्षरात लिहिलंय: "प्रॉप काढला काय?"